जीप चार इंच उचलली, तरी दगड लागतोच : गाडी उंच करण्याचा एक विज्ञानपाठ



आजचा पाठ एका जीपमुळे सुचला. गेल्या पावसाळ्यात शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर दहावीतला एक मुलगा थांबला आणि म्हणाला, "सर, गाडी चार इंच उचलली म्हणजे खालून चार इंच जागा वाढायला पाहिजे ना?" मी म्हटलं, "वाढायला पाहिजे असं वाटतं खरं. का रे?" तो म्हणाला, "मग आमच्या वढ्यातला दगड अजून का लागतोय?"

हा मुलगा डोंगरपट्ट्यातल्या एका वस्तीवर राहतो. डांबरी रस्त्यापासून वस्ती तीन किलोमीटर आत. मध्ये एक ओढा आणि पुढे मुरमाची चढण. त्याचे चुलते ऊसतोडीचे मुकादम आहेत. त्यांनी एक जुनी महिंद्रा जीप घेतली, चारही बाजूंना पाटे असलेली. वस्तीवरचं आजारी माणूस रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायचं तर हीच एक गाडी. दर पावसाळ्यात ओढ्यात गाडी खालून घासायची, म्हणून त्यांनी एका गॅरेजमध्ये ती चार इंच उचलून घेतली. पैसे बरेच गेले. गाडी दिसायला लागली एकदम रुबाबदार, रीलमधल्यासारखी. पण ओढ्यातला तो दगड पहिल्यासारखाच लागत राहिला, आणि वरून घाटात गाडी पळायला लागली डावी-उजवीकडे.

तुमच्याही वर्गात असा एखादा मुलगा असणार. आपल्या बीड जिल्ह्यात थार, बोलेरो, जुनी जीप यांचं मुलांना किती वेड आहे हे मी सांगायला नको. त्या वेडातून गुरुत्वमध्य, स्प्रिंग, त्रिकोणमिती आणि टायरचा परीघ असं सगळं शिकवता येतं. आणि घरातली गाडी उंच करायची की नाही, हे पालकांनाही ठरवता येतं. म्हणून हा पाठ दोघांसाठी.

आधी टेप लावा

पुढच्या शनिवारी आम्ही दोन जीपा शाळेच्या मैदानात शेजारी शेजारी उभ्या केल्या. एक उचललेली, दुसरी गावातलीच, न उचललेली. दोन्हीचे टायर एकाच मापाचे. हवा सारखी भरून घेतली, कारण हवा कमी-जास्त असेल तर माप चुकतं. मुलांनी शिवणकामाचा टेप आणि लाकडी पट्टी घेतली.

मडगार्डच्या कडेची उंची मोजली. उचललेली गाडी साडेनऊ सेंटीमीटरने उंच. म्हणजे गॅरेजवाल्याने फसवलं नव्हतं, काम चार इंचांच्या जवळपास झालं होतं. मग मुलांना गाडीखाली डोकावायला सांगितलं आणि मागच्या दोन चाकांना जोडणाऱ्या आसाच्या मधला तो फुगीर लोखंडी गोळा मोजायला लावला. मिस्त्री लोक त्याला हाउसिंग म्हणतात, आत डिफरन्शियल असतं. एका गाडीचं हाउसिंग जमिनीपासून २० सेंटीमीटर. दुसऱ्या गाडीचंही २० सेंटीमीटर.

मुलं गप्प झाली. एकाने परत मोजलं. तेवढंच.

कारण काय? बैलगाडी आठवा. जुन्या लाकडी चाकाच्या बैलगाडीची आस उंच असायची, कारण चाकच माणसाच्या छातीला लागेल एवढं मोठं. आजची ऊस वाहणारी टायरगाडी घ्या. चाक लहान, म्हणून आस खाली. गाडीवर साटा कितीही उंच बांधला तरी आसाची उंची बदलत नाही. ती ठरते चाकाच्या त्रिज्येवर. अखंड आसाच्या जीपचंही तसंच आहे. पाटे किंवा स्प्रिंग हे आसाच्या आणि चासीच्या मधे असतात. ते उंच केले की चासी वर जाते, बॉडी वर जाते, पण आस आपल्या जागी चाकाच्या केंद्राशीच राहते. ओढ्यातला दगड लागत होता हाउसिंगला, आणि पैसे गेले चासी उचलण्यात.

इथे एक फरक सांगायला हवा. ज्या गाडीची पुढची चाकं स्वतंत्र सस्पेन्शनवर असतात तिथे डिफरन्शियल चासीलाच बांधलेलं असतं, म्हणून गाडी उचलली की तेही वर जातं. २०१० सालच्या थारला पुढे टोर्शन बारचं स्वतंत्र सस्पेन्शन होतं आणि मागे पाटे. २०२० च्या नव्या थारला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे आणि मागे कॉइल स्प्रिंगवर अखंड आस. म्हणजे नवी असो वा जुनी, मागचं हाउसिंग चाकाच्याच भरवशावर. आपल्याकडची जुनी जीप तर पुढेमागे दोन्हीकडे तशीच. १९४७ पासून मुंबईत महिंद्राने विलीज जीप जुळवायला सुरुवात केली, आणि त्या घराण्याचा हा गुण पुढे खूप वर्षं टिकला.

मग उचलायचीच कशाला?

उचलण्याचा फायदा नाही असं मुळीच नाही. फायदा दुसरीकडे होतो. गाडीचं पोट, म्हणजे दोन आसांच्या मधला भाग, वर जातं. बंपर वर जातो, त्यामुळे उभ्या चढावर नाक टेकत नाही. आणि मडगार्डच्या आत मोठा टायर फिरायला जागा मिळते.

पोटाचा हिशोब दहावीच्या त्रिकोणमितीत बसतो. दोन आसांमधलं अंतर २४० सेंटीमीटर धरा आणि पोट जमिनीपासून ३५ सेंटीमीटर. बांधावर गाडी चढली आणि बांध नेमका मधोमध आला, तर अर्धं अंतर १२० आणि उंची ३५. टॅन्जंट आला ३५ भागिले १२०, म्हणजे कोन सुमारे १६ अंश, दोन्ही बाजू मिळून साडेबत्तीस. गाडी ५ सेंटीमीटर उचलली तर ४० भागिले १२०, आणि दोन्ही बाजूंचा कोन होतो जवळपास ३७ अंश. साडेचार अंशांचा फायदा. बांध ओलांडताना हे साडेचार अंश कामाला येतात, यात शंका नाही. (टायरच्या गोलाईमुळे खरा आकडा थोडा वेगळा येतो, पण वर्गासाठी हे पुरेसं आहे.)

हाउसिंग उचलायचं असेल तर मोठा टायर हाच मार्ग. टायरवर लिहिलेले आकडे मुलांना वाचायला शिकवा, त्यांना फार आवडतं. बोलेरोला येणारा टायर घ्या : २१५/७५ आर १५. रुंदी २१५ मिलिमीटर, बाजूची उंची तिच्या ७५ टक्के म्हणजे १६१ मिलिमीटरच्या थोडी वर, आणि रिम १५ इंच म्हणजे ३८१ मिलिमीटर. एकूण व्यास साधारण ७०३ मिलिमीटर. त्याऐवजी २३५/७५ आर १५ घातला तर व्यास होतो ७३३. फरक ३० मिलिमीटर. आस किती वर गेली? निम्मीच, १५ मिलिमीटर! कारण आस चाकाच्या मध्यावर असते. इथे वर्गातली निम्मी मुलं ३० म्हणतात, चूक होऊ द्या आणि मग वर्तुळ काढून दाखवा.

याच उदाहरणात आणखी एक गंमत आहे. टायर सव्वाचार टक्क्यांनी मोठा झाला, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात गाडी तेवढी जास्त पुढे जाते. मीटरला ते कळत नाही. मीटर ६० दाखवतं तेव्हा गाडी साडेबासष्टने पळत असते.

गाडीखाली झोपा, ओरखडे वाचा

किती उंच करायची, हा प्रश्न पालक विचारतात तेव्हा मी उलट विचारतो : नेमकं काय घासतंय? बऱ्याच जणांना सांगता येत नाही. गाडी सपाट जागेवर उभी करा, चाकांना दगड लावा, बॅटरी घेऊन खाली झोपा आणि ओरखडे बघा. नुसत्या हँडब्रेकवर भरवसा ठेवू नका, आणि फक्त जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली तर कुणीच, कधीच जायचं नाही.

ओरखडे हाउसिंगवर असतील तर उचलून उपयोग नाही, टायरचा विचार करा. ओरखडे पायदानावर किंवा चासीच्या मध्यात असतील तर थोडी उंची खरंच हवी आहे. मागे ट्रॉली ओढायचा हूक घासत असेल तर आधी हूक बघा, दोनशे रुपयांच्या वेल्डिंगमध्ये काम होईल. टायरच्या घासण्याचा काळा पट्टा मडगार्डच्या आत दिसत असेल तर टायर गाडीला मोठा झालाय. ओरखडे जुने, गंजलेले असतील तर ते आधीच्या मालकाचे, त्यांच्यासाठी आपण पैसे घालायचे नाहीत.

रस्ता कसला आहे हेही बघायला हवं. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात, पाटोदा, आष्टी, शिरूरकडे मुरूम आणि दगड. तिथे पोटाच्या उंचीचा उपयोग होतो. गेवराई-माजलगावकडच्या गंगथडीच्या काळ्या रानात गोष्ट वेगळी. तिथे पावसात चाक रुततं, टायरच्या नक्षीत चिखल भरून टायर गुळगुळीत होतो आणि गाडी जागेवर फिरते. काळ्या चिखलात चार इंच उंच गाडीसुद्धा चार इंच खाली जाऊन बसते. तिथे चांगल्या नक्षीचा टायर आणि थांबायची अक्कल, या दोन गोष्टी लागतात.

शेताच्या आणि वस्तीच्या रस्त्यासाठी माझं मत विचाराल तर दीड ते दोन इंचांच्या पुढे जाण्याचं कारण मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

उंचीची किंमत

आता पाठातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. वर्गात हा प्रयोग करा : एक लाकडी फळी, एक कोनमापक, आणि खोक्याची गाडी. खोक्याच्या तळाशी ओली माती भरा आणि फळीवर आडवी ठेवून फळी हळूहळू उचला. किती अंशांवर कलंडते ते लिहा. मग तीच माती वरच्या थरात, खाली कागदाचे बोळे, आणि पुन्हा उचला. खोकं घसरू नये म्हणून खालच्या कडेला एक बारीक पट्टी ठोकून घ्या. मुलं आकडे बघून स्वतःच बोलायला लागतात.

हिशोब सोपा आहे. दोन चाकांमधल्या रुंदीचं निम्मं, भागिले गुरुत्वमध्याची उंची. चाकांमधलं अंतर १४० सेंटीमीटर आणि गुरुत्वमध्य ७० सेंटीमीटरवर धरला तर ७० भागिले ७०, म्हणजे १. अशी गाडी उभ्याउभ्या ४५ अंशांवर कलंडेल. अमेरिकेची रस्ता सुरक्षा संस्था गाड्या तपासते तेव्हा हाच भागाकार वापरते. साध्या कारचा तो साधारण १.३ ते १.५ येतो आणि उंच एसयूव्ही, पिकअपचा १ ते १.३. जितका कमी, तितकी कलंडायला सोपी.

आमच्या मुलाची जीप चार इंच उचलली होती. चाकं आणि आस खालीच राहिली म्हणून गुरुत्वमध्य पूर्ण दहा नाही, आठ सेंटीमीटर वर गेला असं धरू. ७० भागिले ७८, म्हणजे ०.९०. कोन ४२ अंशांवर आला. तीन अंशच ना, असं मुलं म्हणतात. थांबा म्हणावं. आता आपल्याकडे होतं तसं करू : टपाच्या कॅरिअरवर चार माणसं बसवू. जीप १५०० किलो, गुरुत्वमध्य ७८ वर. चार माणसं २६० किलो, टप दहा सेंटीमीटर वर गेल्यामुळे त्यांचा गुरुत्वमध्य २४० वर. दोन गुणाकार करून बेरीज करा आणि १७६० ने भागा. उत्तर येतं १०२ सेंटीमीटर. ७० भागिले १०२, म्हणजे ०.६९. कोन साडेचौतीस अंश. तीच माणसं न उचललेल्या जीपवर बसवून हिशोब केला तर कोन सुमारे ३७ अंश येतो. सगळ्यात जास्त नुकसान उंचीने नाही, टपावरच्या माणसांनी केलं, हे मुलांच्या लक्षात आणून द्या. आणि दोन्ही एकत्र आलं की काय होतं तेही.

हे आकडे उभ्या गाडीचे आहेत, हिशोबासाठी धरलेले. चालती गाडी वळणावर स्प्रिंगवर झुकते, माणसं एका बाजूला सरकतात, चाक खड्ड्याच्या कडेला अडकतं. म्हणून खऱ्या रस्त्यावर याच्या बरंच आधी गाडी जाते. धारूरच्या घाटात किंवा मांजरसुंब्याच्या वळणांवर हा भागाकार आठवणीत ठेवावा.

कशी उचलली, यावर सगळं अवलंबून

उचलण्याचे मार्ग बरेच आहेत, सगळे सारखे नाहीत.

आपल्याकडचा सगळ्यात जुना मार्ग म्हणजे एक-दोन पाटे जास्तीचे घालणं. तो उंचीसाठी नव्हताच, जास्त माणसं भरता यावीत म्हणून होता. इथे स्प्रिंगचा नियम शिकवा. एका चाकावर ३५० किलो भार येतो आणि पाटे ७ सेंटीमीटर दबतात, म्हणजे दर सेंटीमीटरला ५० किलो. एक पाटा वाढवून ते ६० किलो झालं, तर दबणं ५.८ वर आलं. मिळाली किती उंची? जेमतेम सव्वा सेंटीमीटर. आणि त्या बदल्यात रिकामी गाडी दगडासारखी आदळते, चाक जमिनीवरून उडतं. उडालेल्या चाकाला ना ब्रेक लागतो ना ते वळतं. खरी उंची हवी असेल तर जास्त कमान दिलेले, पण तेवढ्याच कडकपणाचे पाटे लागतात. जुने पाटे नुसते ठोकून कमान दिलेली फार दिवस टिकत नाही, परत बसतात.

दुसरा मार्ग लांब शॅकलचा. शॅकल म्हणजे पाट्याचं एक टोक चासीला टांगणारी कडी. ही स्वस्त असते म्हणून सगळ्यांना आवडते. पण दोन इंच लांब शॅकल घातली तर गाडी एकच इंच उचलते, कारण पाट्याचं एकच टोक खाली जातं आणि आस मध्यावर असते. टायरच्या त्रिज्येसारखाच इथेही निम्म्याचा हिशोब. शिवाय एक टोक खाली गेल्याने आस थोडी फिरते. पुढच्या आसाला हे फार बाधतं. सायकल हात सोडून चालवणाऱ्या मुलाला विचारा, हँडल आपोआप सरळ का होतं? पुढचा फोर्क तिरका असतो म्हणून. जीपच्या पुढच्या चाकालाही असाच तिरकेपणा असतो, त्याला कॅस्टर म्हणतात. तो कमी झाला की स्टिअरिंग आपणहून सरळ येत नाही आणि गाडी रस्ताभर हिंडते. आमच्या मुलाच्या चुलत्यांची गाडी घाटात पळत होती, त्याचं कारण हेच निघालं. पाटा आणि आस यांच्यामध्ये योग्य कोनाची लोखंडी पाचर बसवून हा दोष काढता येतो.

मागच्या आसावर पाट्याखाली लोखंडी ठोकळा ठेवून यू-बोल्ट लांब करणं हाही एक प्रकार. पुढच्या आसावर ठोकळा कधीच ठेवू देऊ नका. ब्रेक मारताना तिथे मोठा पीळ येतो, ठोकळा हलला तर स्टिअरिंगच हातातून जातं. टोर्शन बारच्या गाडीत बोल्ट पिळून पुढचा भाग वर आणता येतो, पैसे लागत नाहीत. पण चाकाची एकूण हालचाल वाढत नाही, फक्त उभं राहायची जागा बदलते. वर दबायला जागा वाढली तेवढी खाली लोंबायला कमी झाली, म्हणून खड्ड्यात चाक लटकतं आणि गाडी धाडकन आदळते.

बसवताना काय बघायचं

काम सुरू करण्याआधी चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची वहीत लिहून ठेवा. जमिनीपासून नको, चाकाच्या मध्यापासून. म्हणजे हवेचा फरक येत नाही. डिझेल किती आहे, मागे काय सामान आहे, तेही लिहा. ही चार मापं नसतील तर नंतर "इतकं उचललं" हे कुणालाच सिद्ध करता येत नाही.

पाटे बसवताना एक गोष्ट बहुतेक ठिकाणी चुकते. पाट्यांच्या डोळ्यांतले रबरी बुश आणि त्यांचे बोल्ट गाडी जॅकवर लटकलेली असतानाच आवळून टाकतात. मग गाडी खाली आली की रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. बोल्ट आधी हलके लावायचे, गाडी चाकांवर उभी करायची, दोन-चार वेळा दाबून हलवायची आणि मग आवळायचे. यू-बोल्ट पाचेकशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळायचे, कारण नवे पाटे बसतात आणि बोल्ट सैल पडतात.

आता ब्रेक. चासीवरून आसाकडे जाणारी ब्रेकची रबरी नळी मूळ उंचीच्या मापाने बनवलेली असते. चाक पूर्ण लोंबलं की ती ताणली जाते. तपासायला सोपं आहे : एका मागच्या चाकाखाली उंच ओटा घ्या, म्हणजे दुसरं चाक लोंबेल, आणि बघा नळीला सैलपणा उरतो का. शॉकअपही तिथेच तपासा. चाक पूर्ण लोंबल्यावर सगळा ताण शॉकअपवरच येत असेल तर तो आखूड आहे. वर दबलेल्या चाकाच्या बाजूला रबरी ठोकळा टेकण्याआधीच शॉकअप संपत असेल तर तो लांब आहे. दोन्ही चूक.

काही गाड्यांत, विशेषतः भार वाहणाऱ्यांत, मागच्या आसाला एक छोटा दांडा आणि चासीवर एक व्हॉल्व्ह असतो. आस आणि चासी जवळ आली की गाडी भरलेली आहे असं समजून तो मागचा ब्रेक वाढवतो. गाडी उचलली की त्याला वाटतं गाडी कायम रिकामीच आहे, आणि मागचा ब्रेक कमी पडतो. हा दांडा नव्याने जुळवावा लागतो. तसं न केलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत, मालकांना पत्ताही नसतो.

प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढला की त्याचे क्रॉस लवकर जातात, आधी गाडीत थरथर येते. स्टिअरिंगचा आडवा दांडा खूप उतरता झाला की खड्ड्यात चाक वर-खाली होताना स्टिअरिंग आपोआप वळतं. पॅनहार्ड रॉड असलेल्या गाडीत आस एका बाजूला सरकते. शेवटी चाकांचं अलाइनमेंट करायचं, आणि हेडलाइट खाली करून घ्यायचे. हेडलाइटची गोष्ट कुणी धरत नाही. पण दिवाळीनंतर कारखाने सुरू झाले की रात्री रस्त्यावर उसाच्या टायरगाड्या असतात, बैल असतात, गाडीवर झोपलेली लेकरं असतात. उंच झालेल्या गाडीचा झोत नेमका गाडीवानाच्या डोळ्यांत जातो. त्या लेकरांपैकी काही आपल्याच शाळेतली असतात.

कायद्याचं

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याच बाजूने निकाल दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ प्रमाणे परवानगी नसलेल्या बदलाला मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून पैसे घालण्याआधी बीड किंवा अंबाजोगाईच्या आरटीओ कार्यालयात आणि विमा कंपनीकडे लेखी विचारा. आणि अठरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती गाडी दिली तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे, हे पालकसभेत एकदा मोठ्याने वाचून दाखवायला हरकत नाही. मी दाखवतो. थोडा वेळ शांतता पसरते.

त्या जीपचं पुढे काय झालं

चुलते शाळेत आले. मुलाने त्यांना स्वतःच टेप लावून दाखवला. आधी ते थोडे नाराज झाले, म्हणाले, "गुरुजी, पैसे घालायच्या आधी भेटायला पाहिजे होतं." मग लांब शॅकल काढल्या, जास्तीचे पाटे काढले, ब्रेकच्या नळ्या बदलल्या. गाडी मूळ उंचीवर आली. घाटात सरळ चालायला लागली.

राहिला ओढ्यातला दगड. मी मुलाला विचारलं, तुम्ही तो दगड ओलांडता कसा? तो म्हणाला, दोन चाकांच्या मधे घेऊन. सगळेच असं करतात, दगड चाकाला लागू नये म्हणून. पण मधे तर हाउसिंग असतं, सगळ्यात खाली असलेला भाग! दगड चाकाखाली घेतला की चाक वर चढतं आणि आसही त्याच्याबरोबर वर येते. हळू, पहिल्या गिअरमध्ये. त्यांनी तसं करून पाहिलं, दगड लागला नाही.

दसऱ्याच्या आधी एका रविवारी चुलत्या-पुतण्याने पहार आणि साखळी नेली, आणि त्याच जीपने ओढून तो दगडच काठावर आणून टाकला. आता बाया त्यावर धुणं धुतात.